वेग हवा? मग ट्रॅक गाठा!

रविवारी पहाटे मनोरच्या मस्तान नाक्यावर उभे राहिले, की मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांचा आवाज आधी येतो आणि गाड्या नंतर दिसतात. जमिनीला टेकल्यासारख्या बुटक्या, भडक रंगांच्या या गाड्या अहमदाबाद महामार्गाने चारोटीपर्यंत, कधी पुढे तलासरीपर्यंत जातात. तेथे न्याहारी होते आणि वाहतूक वाढण्यापूर्वी मंडळी घरी परततात. गेल्या काही वर्षांत या ताफ्यात आपल्या बोईसर-पालघरच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. कुणी तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराचा मुलगा असतो, कुणी हप्त्यांवर व्हर्टस जीटी घेतलेला तरुण अभियंता. हौसेला मोल नाही हे खरे. पण ही हौस भागवण्याची जागा चुकते आहे, हे सांगणे भाग आहे.

या महामार्गाचा स्वभाव येथील रहिवाशांना सांगायला नको. उजव्या मार्गिकेत रेंगाळणारा कंटेनर, दुभाजकाच्या फटीतून अचानक पुढे येणारा माणूस, फाट्याजवळ उलट दिशेने येणारी दुचाकी, पुलाजवळ आक्रसणारा रस्ता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले होते. ती गाडी महाग आणि सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती. गाडी कितीही चांगली असली, तरी रस्ता चुकांना माफ करणारा नसेल तर तिचे गुण एका मर्यादेपर्यंतच कामी येतात. कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मग वेगवान गाडी घेतलेल्याने करायचे काय? या प्रश्नाचे जगभर रुळलेले उत्तर आहे 'ट्रॅक डे'.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅक एका दिवसासाठी घेतला जातो, शुल्क भरून लोक आपापल्या रोजच्या वापरातील गाड्या तेथे आणतात आणि अनुभवानुसार गट पाडून त्यांना आळीपाळीने ट्रॅकवर सोडले जाते. एक फेरी साधारण पंधरा-वीस मिनिटांची असते. बक्षीस नाही, क्रमांक नाही आणि सुजाण आयोजक नवशिक्यांच्या गटात घड्याळही लावू देत नाहीत. सकाळी सर्वांना एकत्र बसवून नियम समजावले जातात. या बैठकीला गैरहजर राहणाऱ्याला ट्रॅकवर पाऊल ठेवता येत नाही. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम केलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. वर्क परमिटवर सही झाल्याशिवाय टाकीत कुणी उतरत नाही, तसाच हा प्रकार आहे. धोका नाहीसा होत नाही. तो कुठे आहे हे आधी ठरवून घेतले जाते, एवढेच.

पण ट्रॅक आहेत कुठे? येथे महाराष्ट्राच्या वाचकाला थोडे खट्टू व्हावे लागते. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात देशातील लाखो गाड्या तयार होतात. मात्र देशातील जुने, नावाजलेले ट्रॅक दक्षिणेत आणि दिल्लीजवळ आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे. कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा; एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे आणि नवख्याला धडे गिरवण्यासाठी त्याचा छोटा आकार सोयीचा ठरतो. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१ किलोमीटरचे. तेथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. तेथील मागची सरळ सुमारे एक किलोमीटरची आहे. म्हणूनच पहिल्या दिवसासाठी हा ट्रॅक मी सुचवणार नाही. तेथे सामान्य गाडीही ताशी १८०-२०० चा वेग सहज गाठते आणि नवशिक्याला थांबणे अजून शिकायचे असते.

बोईसरहून यांपैकी कुठेही जायचे तर हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास आहे. त्यामुळे आधी कोल्हापूर किंवा मुंबई परिसरातील कार्टिंगच्या ट्रॅकवर चार-सहा वेळा जाऊन यावे, असा माझा आग्रह असतो. कार्ट हे काही पोरासोरांचे खेळणे नाही. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते यांच्या ट्रॅकवर झालेल्या आहेत आणि देशातील बहुतेक शर्यतपटूंची सुरुवात कार्टमधूनच झाली आहे. वळणावर नजर कुठे ठेवायची, चाके कधी घसरू लागतात, हे कार्टमध्ये अगदी स्वस्तात कळते.

थांबण्याची किंमत

पहिल्या ट्रॅक डेला जाताना बहुतेक जण इंजिनाचा विचार करतात. एअर फिल्टर बदलतात, सायलेन्सर बदलतात, संगणकात फेरफार करून दहा-वीस अश्वशक्ती वाढवतात. हा सगळा खर्च वाया जातो, असे स्पष्ट म्हणावे लागेल. गाडीची पहिली शरणागती ब्रेककडून येते.

कारण साधे आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० च्या तुलनेत ताशी १८० वेगाने धावणाऱ्या गाडीची ऊर्जा तिप्पट नव्हे, नऊपट असते. चौदाशे किलोची गाडी ताशी १८० वरून ८० किलोमीटरवर आणताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिच्यात सुमारे पावणेपाच लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. हे काम तीन-चार सेकंदांत होते, त्यातील जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्क आणि पॅडना पोटात घ्यावी लागते आणि मिनिटाभरात पुढचे वळण येते. रस्त्यावर आपण असा ब्रेक महिन्यातून एखाद्या वेळी लावतो. ट्रॅकवर तो एका चकरीत चार-पाचदा लागतो.

ही उष्णता दोन ठिकाणी दगा देते. पॅडचे मिश्रण फार तापले की त्याची पकड कमी होते. अशा वेळी पायाला पेडल घट्टच लागते, पण गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. दुसरा दगा अधिक घातक आहे. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. त्याहून जास्त तापले, की नळीतच वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि गाडी पुढेच जात राहते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला, तमिळनाडूत, दुपारच्या फेरीत चौथ्या चकरीला पेडल अर्ध्यापर्यंत गेले. पुन्हा पुन्हा दाबून थोडा दाब मिळाला, पण वळणाबाहेरच्या खडीत गाडी जाऊन रुतलीच. इजा झाली नाही. बंपर फाटला आणि लाजेने मान खाली गेली. गाडीचे ब्रेक ऑइल तीन वर्षे बदललेले नव्हते. समुद्रापासून सात-आठ किलोमीटरवर राहणाऱ्याने, जेथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी चढते, तेथे ऑइलात किती पाणी गेले असेल याचा विचार आधीच करायला हवा होता. सर्व्हिसिंगच्या पावतीवर 'ब्रेक तपासले' असे लिहिलेले होते, मी त्यावर समाधान मानले, दोष माझाच.

तेव्हा जाण्यापूर्वीच्या आठवड्यात चांगल्या प्रतीचे नवे ब्रेक ऑइल घालून, नळ्यांतील हवा नीट काढून घ्यावी. पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. उष्णता सोसणारे खास पॅड मिळतात. पण ते थंड असताना रस्त्यावर तितके पकडत नाहीत आणि किंचाळतातही, म्हणून पहिल्या दिवसासाठी कंपनीचे नवे पॅड पुरेत. त्या बदल्यात फेरी आपणच आखडती घ्यावी. तीन-चार चकरा जोरात मारल्या, की एक चकरी ब्रेकला हात न लावता सावकाश काढावी. शेवटची चकरी तर नेहमीच थंड होण्यासाठी असते. पिटमध्ये परतल्यावर हँडब्रेक ओढू नये, कारण लालभडक तापलेल्या डिस्कवर पॅड तसेच दाबून धरले तर डिस्क बिघडते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा.

टायरचे गणितही उष्णतेचेच आहे. सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली आणि आतली हवा ३० वरून ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब ४० पीएसआयच्या आसपास जातो. टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि गाडी साबणावर चालल्यासारखी होते. त्यामुळे फेरी संपताच गरम टायरची हवा मोजून थोडी कमी करायची असते, आणि संध्याकाळी घरची वाट धरण्यापूर्वी, टायर थंड झाल्यावर, पुन्हा आठवणीने भरायची असते. दुसरी गोष्ट लोक अनेकदा विसरतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची निर्मितीची खूण असते. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. नक्षी शाबूत दिसली तरी जुना, कडक झालेला टायर ट्रॅकवर नेऊ नये. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासावेत. इंजिन ऑइल आणि कूलंट पुरेसे असावे. डिकीतील स्टेपनी, जॅक, डॅशबोर्डवरचा गणपती, पायाखालचे मॅट, दरवाजातली पाण्याची बाटली, हे सर्व बाहेर काढावे. ब्रेकच्या पेडलखाली घरंगळत आलेल्या बाटलीने काय होईल, याची कल्पना करवत नाही. टो हूक मात्र गाडीत असलाच पाहिजे, तो लागतो; मला लागला होता.

सावकाश शिरणारा वेगाने बाहेर पडतो

आता चालकाचे. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचावे, इतकी सीट जवळ हवी. आपल्याकडे बरेच जण आरामखुर्चीत बसल्यासारखे बसतात आणि वळणावर स्टिअरिंगला लोंबकळतात. हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी. पातळ तळव्यांचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डोक्याला नीट बसणारे हेल्मेट. बहुतेक ठिकाणी हेल्मेट सक्तीचे असते आणि ते भाड्याने मिळाले, तरी स्वतःचे न्यावे हे उत्तम.

वळण घेण्याचे तत्त्व समजायला सोपे आणि अंगी बाणवायला कठीण आहे. टायरची पकड ही मर्यादित शिधा आहे. ती ब्रेकसाठी खर्च करा, वळण्यासाठी करा किंवा वेग वाढवण्यासाठी करा. पण दोन कामांना एकाच वेळी पुरी पकड मिळत नाही. म्हणून नवशिक्याने ब्रेक सरळ रेषेतच उरकावा, मग ब्रेक सोडून गाडी वळवावी आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागले की मगच हळूहळू अॅक्सिलरेटर द्यावा. वळणाच्या बाहेरच्या कडेने शिरायचे, आतल्या कडेला स्पर्श करायचा आणि पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत गाडीला मोकळे सोडायचे. असे केल्याने वळणाची त्रिज्या वाढते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर जो टायर ताशी ८० पर्यंत साथ देतो, तोच टायर ७५ मीटर त्रिज्येवर ताशी ९८ पर्यंत टिकतो. गाडी तीच, टायर तेच. फक्त वाट निराळी. वळणाच्या आतल्या कडेचा हा स्पर्श नवख्याने थोडा उशिरा करावा, म्हणजे बाहेर पडताना रस्ता शिल्लक राहतो. घाईने आधीच आत शिरलेल्याची गाडी शेवटी रस्ता संपवून मातीत जाते.

नजर बोनेटसमोर नको, पुढच्या वळणावर हवी. महामार्गावर चालवणाऱ्याला ही सवय मोडणे फार जड जाते, कारण तेथे खड्डे शोधण्यात आयुष्य गेलेले असते! ट्रॅकवर खड्डा नसतो, एवढ्यावर विश्वास बसायलाच दोन फेऱ्या जातात. एबीएस आणि गाडीला घसरण्यापासून रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालूच ठेवावी. ती बंद करून दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नये. शक्य असेल तर पहिल्या फेरीत शेजारी प्रशिक्षक बसवून घ्यावा. त्याच्या शुल्काइतका उपयुक्त खर्च त्या दिवसात दुसरा नाही. माझ्या प्रशिक्षकाने पहिल्या अर्ध्या तासात एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवले होते, की लवकर ब्रेक लाव, लवकर सोड. खडीत गाडी घातली तेव्हा तो शेजारी नव्हता.

झेंडे पाठच हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कुणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश पिटकडे या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आली आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुधा तेल सांडलेले. काळा दाखवला तर तुमच्यासाठी बोलावणे आहे, आणि चौकटींचा म्हणजे फेरी संपली. नवशिक्यांच्या गटात ओलांडण्याचा नियम सहसा असा असतो, की सरळ भागातच ओलांडायचे आणि तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. मागच्याला वाट देण्यात कमीपणा नाही. मुंबईच्या मोठ्या गाडीने पालघरच्या लहान गाडीला वाट देताना मी पाहिले आहे; वळणावर अश्वशक्तीला फारशी किंमत नसते.

खिशाची बाजू

येथे अनेकांची गल्लत होते. आपल्याकडील खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत गाडीच्या वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यांत संघटित शर्यती, वेगाची चाचणी आणि विश्वसनीयता चाचण्या यांना संरक्षण नसल्याचे म्हटलेले असते. ट्रॅक डे ही शर्यत नाही, असा युक्तिवाद करता येईल, पण दावा मंजूर होईल या भरवशावर कुणी जाऊ नये. ट्रॅकवर झालेले नुकसान आपल्याच खिशातून जाणार, असे धरून चालावे. गाडीच्या वॉरंटीच्या अटीही जाण्याआधी वाचाव्यात. शिवाय आयोजक एका हमीपत्रावर सही घेतात, ज्यात धोक्याची जबाबदारी आपण स्वीकारलेली असते. ते न वाचता सही करणारे जास्त. जी गाडी मोडली तर घरचे बजेट कोलमडेल किंवा जिचे हप्ते अजून चार वर्षे फेडायचे आहेत, ती ट्रॅकवर नेण्याआधी घरातल्यांशी बोलावे. अनेक गाडी उत्पादक आपल्या ग्राहकांसाठी असे दिवस भरवतात, काही ठिकाणी प्रशिक्षण संस्थेचीच गाडी मिळते. पहिल्या वेळी हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. रस्त्यावर लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी ट्रॅकवर त्याच्या तिसऱ्या हिश्शावर येते, तेव्हा पेट्रोलचाही हिशेब ठेवावा.

वाहतुकीचा प्रश्न उरतो. काही जण गाडी बंद ट्रकमधून पाठवतात आणि स्वतः विमानाने किंवा रेल्वेने जातात. खर्च होतो, पण गाडी तेथे बिघडली तर परत कशी आणायची ही चिंता राहत नाही. चालवत जायचे असेल तर मध्ये मुक्काम करावा आणि आदल्या रात्री वेळेवर झोपावे. ट्रॅकवर उन्हात हेल्मेट घालून तासभर गाडी चालवणे ही शारीरिक मेहनत आहे. दुपारनंतर लक्ष उडते, आणि चुका बहुधा शेवटच्या फेरीत होतात. पाणी सतत प्यावे, जड जेवण टाळावे. थकवा जाणवला तर शेवटची फेरी सोडून द्यावी, तिचे पैसे वाया गेले तरी चालतील. गाडीत दुसऱ्या कुणाला हौसेने बसवण्याचा मोह तर पहिल्या दिवशी टाळावाच.

परत निघण्यापूर्वी एक तास राखून ठेवावा. पॅडची जाडी चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च लावून पाहावी, टायरच्या कडा हाताने चाचपाव्यात, नट पुन्हा आवळावेत, हवा भरावी, ऑइलची पातळी बघावी. बाहेर पडल्यावर पहिले काही किलोमीटर मुद्दाम सावकाश जावे. ट्रॅकवर दिवसभर राहिलेल्या डोळ्यांना ताशी शंभरचा वेग रांगल्यासारखा वाटतो आणि पेट्रोल पंपाच्या वळणावर गाडी दुप्पट वेगाने आत जाते. मी परतलो तेव्हा दुसऱ्या दिवशी रात्री चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलो. पुढे औद्योगिक वसाहतीकडे निघालेला टँकर होता, त्याचा मागचा एकच दिवा चालू होता. फाटलेला बंपर दोरीने बांधलेला होता. टँकरला ओलांडायला जागा होती, तरी घरापर्यंत त्याच्या मागेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये चाके काढली, तेव्हा पुढचे पॅड दोन मिलिमीटरच शिल्लक होते.